जानेवारीत मुंबई-गोवा क्रूझ, सोबत सासू-सासरे, वर ओमिक्रॉन... जावं का? (आणि बोटीवर खायला काय मिळतं?)

ठाणेकरीण | २८ डिसेंबर २०२१, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्रच असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला जानेवारीत पन्नास वर्षं होतायत. नवऱ्याने आणि नणंदेने मिळून ऑक्टोबरमध्येच मुंबई-गोवा-मुंबई क्रूझचं बुकिंग करून टाकलं (तेव्हा केसेस इतक्या कमी होत्या की मास्क पर्समध्येच पडून असायचा), मला कळलं ते पैसे भरल्यावर. आता हा ओमिक्रॉन आला आणि मुंबईचे आकडे रोज वर चाललेत. सासऱ्यांचं वय ७६, शुगर आहे, दोन डोस झालेत. तिसरा डोस १० जानेवारीपासून सुरू करणार म्हणतायत पण दुसऱ्यानंतर नऊ महिने व्हायला हवेत आणि यांचा दुसरा झाला एप्रिलच्या शेवटी, म्हणजे बोट आधी आणि डोस नंतर.

नवरा म्हणतो सगळ्यांची टेस्ट करूनच आत घेतात, म्हणजे मॉलपेक्षा सेफ. नणंद म्हणते आता कॅन्सल केलं तर पैसे बुडाले. सासरे काहीच म्हणत नाहीत, गुपचूप स्विमिंगची चड्डी घेऊन आलेत. आणि सासूबाईंना कोविडचं काही पडलेलंच नाही, त्यांचा प्रश्न एकच, २१ तारखेला संकष्टी आहे तर बोटीवर उपासाचं काय मिळेल आणि चंद्र दिसेल का :)

कोणी गेलं असेल तर प्लीज खरं खरं सांगा. आणि जेवणाबद्दलही सांगा, कारण घरात खरी भांडणं त्यावरूनच होणार आहेत.

---

पोहेप्रेमी | २९ डिसेंबर, सकाळी ७:५५

चंद्र दिसेल हो, भर समुद्रात बिल्डिंगी कुठे आल्या आड यायला! नऊ वाजून गेल्यावर उगवेल, पण पूर्वेला बघायचं, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला, डेकवर नेमकी तिकडे डीजेची भिंत नसली म्हणजे झालं. काकूंनी ताम्हन, निरांजन घेऊन जाऊ नये, बोटीवर आग म्हटलं की सगळे धावत येतात.

साबुदाणा खिचडी मिळेल का माहीत नाही. जैन जेवण मिळतं इतकं नक्की, या मुंबईच्या बोटींवर निम्मी गर्दी गुजराथी मंडळींचीच असते.

अवांतर: ऑक्टोबरमध्ये त्या क्रूझवर ड्रग्जची धाड पडली तेव्हापासून आमच्या घरी क्रूझ शब्द काढला की आई आधी माझे डोळे तपासते.

---

अस्मादिक_नागपूर | २९ डिसेंबर, सकाळी ९:१०

काही होत नाही, बिनधास्त जा. दोन डोस झाले ना? ओमिक्रॉन म्हणजे सर्दी आहे सर्दी, दक्षिण आफ्रिकेत बघा आला तसा गेला. किती दिवस घरात बसायचं मानसाने. आणि पन्नास वर्षं रोज रोज होतात का कोणाची.

फक्त सकाळी तर्री पोहे मिळत नसतील तर चार दिवस कसे काढणार तुम्ही लोक हा खरा प्रश्न आहे.

---

चष्मेवाली | २९ डिसेंबर, दुपारी १:३२

@अस्मादिक_नागपूर, तिशीतल्या माणसाला सर्दी आणि शुगर असलेल्या शहात्तरीच्या माणसाला सर्दी यात फरक आहे हो. तरुण लोकसंख्येच्या देशातलं उदाहरण इथल्या आजोबांना लावू नका.

@ठाणेकरीण, टेस्टबद्दल. आरटीपीसीआर निगेटिव्ह म्हणजे स्वॅब घेतला त्या वेळी नाकात व्हायरस सापडला नाही, बस. सोमवारी टेस्ट दिली, मंगळवारी लग्नाला गेलात, बुधवारी बोटीवर चढलात, रिपोर्ट निगेटिव्हच असतो. दीड-दोन हजार लोकांमध्ये असे दहा जण निघाले तरी पुरे. मॉलमध्ये तुम्ही तासभर असता आणि घरी येता. बोटीवर तेच दहा जण सकाळी नाश्त्याला, दुपारी कॅसिनोत, संध्याकाळी शोला आणि रात्री पुन्हा जेवायला तुमच्यासोबत.

आता जुनी गोष्ट पण आठवा. डायमंड प्रिन्सेस, फेब्रुवारी २०२०. हाँगकाँगला २५ जानेवारीला उतरलेला एक ८० वर्षांचा प्रवासी नंतर पॉझिटिव्ह निघाला, बोट योकोहामाला थांबवली, ५ तारखेपासून दोन आठवडे सगळ्यांना केबिनमध्ये बंद केलं. बोटीवर ३७११ माणसं, त्यातली ७१२ पॉझिटिव्ह. त्या वेळी लस नव्हती, हे मान्य, त्यामुळे आकडा तसाच्या तसा आज लावू नये. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिलीय. सुरुवातीला क्रूमधले जे २० जण पॉझिटिव्ह निघाले त्यातले १५ जेवणखात्यातले होते. आणि २० पैकी १६ जणांच्या केबिन एकाच डेकवर, तीन नंबरच्या, जिथे हे जेवणवाले राहायचे. म्हणजे प्रवासी खोल्यांत बंद आणि त्यांना दारात ट्रे आणून देणारे, तो ट्रे भरणारे, स्वतः मात्र एकत्र जेवतायत, एका खोलीत दोघं झोपतायत.

तेव्हा धाग्याच्या नावात तुम्ही खाण्याचं कंसात टाकलंय ते कंसाबाहेर काढा.

---

बोटवाला_देवगड | २९ डिसेंबर, रात्री १०:०५

चष्मेवाली ताईंनी लिहिलंय ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून टाइप करतोय, मोबाईलवरून आहे, शुद्धलेखन समजून घ्या.

मी देवगडचा. इतकी वर्षं क्रूझ शिपच्या गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, काढली, आता घरी आहे. कंपनीचं नाव घेणार नाही, उद्या परत तिथेच साइन ऑन करायचं असेल तर. पॅसेंजरना बोट दिसते ती वरची, झुंबर, काचेची लिफ्ट वगैरे. आमची बोट खाली. केबिनला खिडकी नाही, बंक एकावर एक, वरचा उठून बसला तर डोकं छताला लागतं, बाथरूम एवढं की आंघोळ करताना शॉवरचा पडदा अंगाला चिकटतो, तो सोडवत सोडवत साबण लावायचा. खालून बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब पॅसेज असतो, त्याला सगळे आय-नाइंटीफाइव्ह म्हणतात अमेरिकेतल्या हायवेवरून, त्यातून भाजीच्या ट्रॉल्या, कचरा, लाँड्री आणि हजारभर माणसं दिवसरात्र. सोशल डिस्टन्सिंग कुठे करणार सांगा. एकाला खोकला झाला की आठवड्यात सगळ्या डेकला.

दुसरी गोष्ट, पॅसेंजर तीन-चार दिवसांत उतरून जातो, क्रू तिथेच. संध्याकाळी नवीन पॅसेंजर चढतात. त्यांची टेस्ट झालेली असते हो, पण त्यांना वाढणारा मागच्या ट्रिपच्या लोकांना वाढून आलेला असतो. २०२० ला ग्रँड प्रिन्सेसवर हेच झालं, कॅलिफोर्नियाहून मेक्सिकोची एक ट्रिप, लगेच हवाईची दुसरी, क्रू तोच आणि काही पॅसेंजर पण तेच, पहिल्या ट्रिपचा आजार दुसऱ्या ट्रिपला.

मार्च २०२० मध्ये आमचे पॅसेंजर उतरवले आणि आम्ही लटकलो. इंडियात फ्लाइट बंद, पोर्ट घेत नाही, बोट नांगर टाकून उभी, दूर किनाऱ्यावरचे दिवे दिसतायत पण जाता येत नाही. एक चांगलं झालं, पॅसेंजर नसल्यामुळे आम्हाला वरच्या बाल्कनीवाल्या केबिन दिल्या, एकेकाला एक, आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर सूर्य बघून उठलो. पण काँट्रॅक्ट संपलं तसा पगार बंद. घरून आईचा फोन की तू खातोस तरी काय. जेवण होतं, खोटं नाही सांगणार, पण तेच ते, उकडलेली अंडी, राजमा, भात, चिकनच्या तंगड्या. शेवटी शेफला सांगून गॅलीचा एक कोपरा मागून घेतला. फिलिपिनो पोरांनी अडोबो केला, व्हिनेगर आणि सोया सॉस घालून, वास घरच्या कशासारखाच नाही पण खाल्ल्यावर थांबवत नाही. मी फ्रोझन मॅकरेल घेतला, म्हणजे आपला बांगडाच, कॅन्ड नारळाचं दूध, माझ्याकडे बॅगेत आमसुलं होती ती, तिरफळं नव्हती. तिरफळाशिवाय बांगड्याचं तिखलं म्हणजे काय ते मालवणी माणसालाच कळेल. तरी दोन रत्नागिरीचे, एक कारवारचा आणि वास्कोचे पोरगे असे सगळे ताटं घेऊन आले, एक जण तर भांडं पुसून खाल्ला पावाने.

ताई तुम्ही जाऊ नका असं मी म्हणत नाही, आमचं पोट त्याच्यावर आहे. पण जानेवारीत जाऊ नका. पाऊस उघडला की जा. आणि गेलात तर बाल्कनीची केबिन घ्या, आतली नको.

---

ठाणेकरीण | २९ डिसेंबर, रात्री ११:१५

बोटवाला दादा, खूप खूप आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो पडद्यापर्यंत हसत होता, पगार बंद झाल्याचं ऐकल्यावर गप्प झाला.

आमची केबिन आतलीच आहे, स्वस्त म्हणून. डायमंड प्रिन्सेसवर आतल्या केबिनवाल्यांचं काय झालं होतं?

---

चष्मेवाली | ३० डिसेंबर, सकाळी ८:२०

त्यांना पाळीपाळीने थोडा वेळ डेकवर सोडायचे, मास्क लावून, एकमेकांपासून लांब. बाकी वेळ ट्यूबलाइट आणि टीव्ही. आपले १३८ भारतीय होते, त्यातले १३२ क्रू. प्रवासी फक्त सहा. एअर इंडियाच्या विमानाने फेब्रुवारीच्या शेवटी बरेच जण परत आणले, मग मानेसरला पुन्हा क्वारंटाइन. ज्यांना लागण झाली ते जपानमध्येच उपचाराला थांबले.

---

जुना_खलाशी_नाही_प्रवासी | ३० डिसेंबर, सकाळी ११:००

तुम्हा मुलांची क्रूझ वगैरे ऐकून गंमत वाटते. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गेलोय कोकणात. कोकण सेवक, कोकण शक्ती, रोहिणी अशी नावं. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजी. बऱ्याच बंदरांत धक्का कुठला, बोट समुद्रातच उभी राही आणि पडावात उतरायचं, खाली पडाव वर-खाली होतोय, वरून खलाशी पोराला हातात धरून खाली टाकतो आणि खालचा झेलतो. पोरं झेलली गेली, एक सुटलं नाही.

डेकवर सतरंजी टाकायची आणि डबा उघडायचा. दशम्या, लसणीची चटणी, दडपे पोहे, कोणाकडे गुळपापडी. शेजारचं कुटुंब सुक्या बोंबलाची चटणी काढी आणि आमच्या सोवळ्यातल्या आजीचं तोंड वारा येईल त्याच्या उलट दिशेला. मला मात्र तो वास इतका आवडे की मोठा झाल्यावर पहिल्या पगारात खानावळीत जाऊन बोंबील खाल्ले.

बाकी सुनबाई, सासऱ्यांना विचारा. आमच्या वयाच्या माणसाला काय वाटतं ते कोणी विचारत नाही, काळजी मात्र सगळे करतात.

---

पोहेप्रेमी | ३० डिसेंबर, दुपारी १२:४५

काका, एक नंबर. आगबोटीवर वेगळा धागा काढा ना प्लीज.

---

फ्लोरिडाकाकू | ३० डिसेंबर, रात्री ११:५० (तुमची)

इकडे आत्ताच सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) क्रूझसाठी लेव्हल चारचा इशारा दिला, म्हणजे सगळ्यात वरचा. लस घेतलेली असो नसो, क्रूझ टाळा असं स्पष्ट सांगितलंय. ऐंशी-नव्वद जहाजांवर केसेस आहेत म्हणे. आणि इकडच्या बोटींवर जवळपास सगळे लस घेतलेलेच होते हं, तरी.

मी फोर्ट लॉडरडेलजवळ राहते, पोर्ट एव्हरग्लेड्सला बोटी येता-जाता दिसतात. एप्रिल २०२० मध्ये झांडाम आली होती, दक्षिण अमेरिकेतून निघालेली, एकेक बंदर नाही म्हणत गेलं, वाटेत माणसं दगावली, आणि शेवटी इथे घेतली तीही घ्यायची की नाही यावर टीव्हीवर किती वादावादी. तिकडे वेस्टरडॅमला तर त्याआधी जपान, तैवान, फिलिपिन्स, गुआम, थायलंड सगळ्यांनी दार लावलं आणि कंबोडियाने घेतलं. लहान, गरीब देशाने. तिकीट काढताना बंदर तुम्हाला घेईलच हे आपण धरून चालतो ना, ते तसं नसतं.

खाण्याचं विचाराल तर मी कोविडच्या आधी दोनदा गेलेय. बुफेच्या दारात एक मुलगा हातावर सॅनिटायझर फवारत "वॉशी वॉशी" म्हणत गाणं म्हणायचा, ते कोविडमुळे नाही हं, पोटाच्या नोरोव्हायरसमुळे आधीपासूनचं आहे. आता चमचे आपल्या हातात देत नाहीत, तेच वाढतात, त्यामुळे प्लेटमध्ये डोंगर रचता येत नाही एवढाच तोटा. पण गंमत सांगू का, तिसऱ्या दिवशी त्या लॉबस्टर आणि चीजकेकपुढे बसून मला फक्त मेतकूट-तूप-भात हवा होता. यांनी वेटरला विचारलं, साधा भात आणि बटर मिळेल का. तो इंडियन निघाला, हळूच म्हणाला काकू, लोणचं आणू का आमच्या मेसमधून? आणलं बिचाऱ्याने, वाटीत, वर नॅपकिन झाकून.

---

अस्मादिक_नागपूर | ३१ डिसेंबर, सकाळी १०:०२

लोणचं स्मगल करणारा वेटर हा या धाग्याचा हिरो आहे.

पण एक बोलू का, तुम्ही सगळे घाबरवताय त्यांना. रोज लोकलने लाखो लोक जातात, तिथे कोण टेस्ट विचारतं? दारावर दोन डोसचं सर्टिफिकेट दाखवलं की झालं. तिथे लागलं तर चालतं आणि क्रूझवर लागलं तर ब्रेकिंग न्यूज.

---

चष्मेवाली | ३१ डिसेंबर, सकाळी १०:४०

मुद्दा बरोबर आहे, लोकलला धोका आहेच. पण लोकलमध्ये लागण झाली तर तुम्ही घरी येता, फॅमिली डॉक्टरला फोन करता, ऑक्सिजन खाली आला तर अर्ध्या तासात हॉस्पिटल. बोटीवर एक छोटा दवाखाना, एक-दोन डॉक्टर. शुगरवाल्या माणसाला रात्री धाप लागली तर किनारा किती तास लांब आहे त्यावर सगळं. माझा आक्षेप लागण होईल याला कमी आणि झाल्यावर कुठे असाल याला जास्त आहे.

आणि तुमच्या तर्री पोह्यांमध्ये पोहे कुठे असतात हे एकदा सांगा, मला फक्त तर्री दिसते.

---

अस्मादिक_नागपूर | ३१ डिसेंबर, सकाळी १०:४४

याचा निषेध. बाकी सगळं ऐकून घेईन.

---

वास्कोकार | ३ जानेवारी २०२२, दुपारी ४:३०

मंडळी, आमच्या मुरगावला आज हेच चालू आहे. मुंबईहून कॉर्डेलिया आलीय, क्रूमधला एक जण पॉझिटिव्ह निघाला म्हणून कोणालाही उतरू दिलं नाही, सगळ्यांचे स्वॅब घेतले. आत्ता आरोग्यमंत्री विश्वजीत राणेंनी जाहीर केलं, दोन हजारांच्या आसपास टेस्ट, ६६ पॉझिटिव्ह. माझं घर वरच्या बाजूला, गच्चीतून धक्का दिसतो. बोट एवढी पांढरी, दिवे लावून उभी, आणि खाली पीपीई घातलेले लोक पेट्या नेतायत. गोव्याला न्यू इयर करायला आले आणि गोवा बघतायत केबिनच्या खिडकीतून. ज्यांना खिडकी आहे ते.

आमच्या घरात दर दुसरा माणूस तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. वडील, काका, आता चुलतभाऊ. २०२० मध्ये गोव्याची किती पोरं बाहेर अडकली होती, आईबाप पणजीला निवेदनं घेऊन फिरत होते. एप्रिलमध्ये मॅरेला डिस्कव्हरी मुंबईला लागली तेव्हा तिच्यावरच्या १४६ भारतीयांना उतरवलं, तेही बऱ्याच चर्चा झाल्यावर, केंद्राने खलाशांसाठी नियम काढला त्यानंतर. तेव्हापासून बोट धक्क्याला लागली तरी माणूस घरी आला असं आम्ही धरत नाही.

---

ठाणेकरीण | ३ जानेवारी, सायंकाळी ५:१०

अगं बाई. आमचंही तिथेच उतरायचं होतं.

नणंदेला लिंक पाठवलीय. ती टाइप करतेय, थांबतेय, टाइप करतेय, थांबतेय...

---

पोहेप्रेमी | ३ जानेवारी, सायंकाळी ६:००

वास्कोकार, बोटीवरच्या लोकांना जेवायचं काय दिलं काही कळलं का?

---

वास्कोकार | ३ जानेवारी, रात्री ९:२०

बोटीवर रेशन भरलेलं असतं, उपाशी नाही राहणार कोणी. पण गोव्याला येऊन पोळी-भाजी खाऊन परत जायचं म्हणजे शिक्षाच ती. इथे खाली हाकेच्या अंतरावर शीतकडी (म्हणजे भात आणि माशांची कडी) आणि तळलेले मुड्डोशे मासे. बोट परत मुंबईला पाठवतायत.

---

बोटवाला_देवगड | ५ जानेवारी, दुपारी २:१५

काल संध्याकाळी बोट मुंबईला आली, तिथे राहिलेल्यांची टेस्ट केली तर आणखी शंभराच्या वर निघाले. बातम्यांत सगळीकडे पॅसेंजरचे व्हिडिओ, आम्हाला उतरवा, आम्हाला उतरवा. त्यांचंही बरोबर आहे, पैसे भरलेत. पण कोणा चॅनेलवाल्याला क्रूमधल्या पोराला विचारावंसं वाटलं नाही की बाबा तू कुठे झोपतोयस, तुझा रूममेट पॉझिटिव्ह आहे का. माझ्या ओळखीचे आहेत तिथे. सगळ्यांना केबिनमध्ये जेवण द्यायचं म्हणजे किती कष्ट असतात, बुफेला दोन हजार माणसं स्वतः चालत येतात, इथे दोन हजार ट्रे चालत न्यायचे, तीन वेळा, परत उचलून आणायचे, त्यात कोणाला जैन, कोणाला लहान मुलाचं दूध, कोणाचा चहा थंड. आणि हे सगळं तेच करणार जे आधी नाश्त्याला उभे होते.

---

चष्मेवाली | ५ जानेवारी, दुपारी ३:००

बोटवाला, हे कोणीतरी पेपरात लिहायला हवं. तुम्हीच लिहा.

---

ठाणेकरीण | ८ जानेवारी, रात्री १०:३०

अपडेट. नाही जात आहोत. निर्णय शेवटी सासऱ्यांनी घेतला (प्रवासी काका, तुमचं ऐकून विचारलं त्यांना). म्हणाले, मला पाण्याची भीती नाही, मला त्या खोलीत हिच्यासोबत दोन आठवडे कोंडून घ्यायची भीती आहे, पन्नास वर्षं टिकलंय ते तिथे मोडेल. सासूबाईंनी पेपर खाली न करताच सांगितलं, कोंडलं तर मी वेगळी केबिन मागेन, बाल्कनीवाली.

पैसे परत नाहीत. पुढच्या वर्षासाठी क्रेडिट मिळालं, तेही मेलवर मेल केल्यावर, कस्टमर केअरची ती बासरीची ट्यून आता मला झोपेत ऐकू येते. कंपनीचं नाव लिहीत नाही. नणंद अजून थोडी रुसलेली आहे.

आता घरीच करायचंय, घरचीच माणसं, केसेस बघता बाहेरचं कोणी नाही. मेन्यू सुचवा. अट अशी की सासऱ्यांना मासे पाहिजेत कारण गोवा बुडाला, सासूबाई शाकाहारी, साखर बेताची, आणि संकष्टी टाळून २३ तारखेचा रविवार धरलाय.

---

पोहेप्रेमी | ८ जानेवारी, रात्री १०:४१

सासूबाईंसाठी वालाचं बिरडं. त्यावर कोणी वाद घालू नये. सोबत तांदळाची भाकरी.

---

फ्लोरिडाकाकू | ९ जानेवारी, सकाळी ६:१५ (तुमची)

बिरड्याला +१, पण वाल सोलायला सगळ्यांना बसवा, नवऱ्यासकट. गोडात साखर नको तर खरवस, गुळाचा, लहान वडी. इथे मिळत नाही म्हणून मी चिकाच्या पावडरीवर दिवस काढते, तुम्हाला तबेल्यातून खरा चीक मिळत असेल तर सोडू नका. चष्मेवाली ओरडतील.

---

चष्मेवाली | ९ जानेवारी, सकाळी ९:००

ओरडणार नाही. एक वडी. गूळ म्हणजे साखर नाही असं मात्र कोणी समजू नये, शुगर दोन्हीने वाढते.

---

अस्मादिक_नागपूर | ९ जानेवारी, सकाळी ९:३५

आमच्याकडे असतं तर सावजी मटण आणि विषय संपला. पण तुम्हा ठाणेकरांना झेपणार नाही, परत हॉस्पिटलचा प्रश्न येईल.

---

जुना_खलाशी_नाही_प्रवासी | ९ जानेवारी, दुपारी १२:१०

सासऱ्यांना बोंबील. ताजे, रव्यात. दाबून पाणी काढल्याशिवाय तव्यावर टाकू नये, पाट्याखाली किंवा वजनाखाली तासभर ठेवा, नाहीतर तव्यावर नुसता चिखल होतो.

---

वास्कोकार | ९ जानेवारी, रात्री ८:४०

गोवा बुडाला म्हणताय तर गोवा घरी करा. सुक्या सुंगटांची किसमूर, तारवट्यांच्या घरात ही हमखास असते कारण सुकं सामान बॅगेतून न्यायला बरं पडतं, भाऊ दर वेळी डबा भरून नेतो. सुकी कोळंबी घ्या, डोकी-शेपट्या काढा, कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजा, फार काळी नको. वास येईल, खिडक्या उघडा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. थंड झाली की हाताने जरा चुरा. ओला नारळ खवलेला भरपूर, कांदा बारीक चिरून, थोडी हळद, मिरची पूड, चिंचेचा दाट कोळ थोडासाच, मीठ बघून घाला कारण सुंगटांत असतं. सगळं हाताने चुरायचं, चमच्याने नाही, वर थोडं खोबरेल तेल. कोळंबी अगदी जेवायला बसताना मिसळा, आधी मिसळली तर मऊ पडते आणि मग मजा नाही. सोबत शीतकडी किंवा साधं वरण-भात.

---

ठाणेकरीण | ९ जानेवारी, रात्री ९:०५

वास्कोकार, हे ठरलं. पण सासूबाई त्याच टेबलावर असणार, तेवढ्यापुरतं बिरडं एका टोकाला आणि किसमूर दुसऱ्या टोकाला ठेवते. सुकी कोळंबी ठाण्यात चांगली कुठे मिळेल?

---

बोटवाला_देवगड | ९ जानेवारी, रात्री ९:३०

विकत नका घेऊ ताई, बाजारात असते ती वाळूवाली. पत्ता मेसेज करा, आमच्याकडून सुकवलेली पाठवतो, पुढच्या आठवड्यात गावचा माणूस एसटीने ठाण्याला यायचाय. एसटीचा संप मिटला तर.

---

पोहेप्रेमी | ९ जानेवारी, रात्री ९:३३

संप मिटायची वाट बघाल तर सासू-सासऱ्यांची साठावी होईल. ट्रॅव्हल्सने पाठवा.